निकम काकांची चार स्टेशनं

निकम काकांच्या घरी गेलं की चहाच्या आधी डोळे मिटून हॉलमधून स्वयंपाकघरात चालत जावं लागतं. पाहुणा कुणीही असो. मागे एकदा इस्त्रीवाल्यालाही कपड्यांचं गाठोडं खाली ठेवून जावं लागलं होतं. काका आपला हात धरून पुढे उलटे चालतात, घरभर गाणं चालू असतं. स्वयंपाकघराची चौकट ओलांडली की काका आपल्याला थांबवतात आणि कान टवकारून विचारतात, "एकच शे ना?"

म्हणजे, हॉलमधलं गाणं आणि इथलं गाणं एकच वाटलं ना? दारात कुठे तुटलं नाही ना, मागे-पुढे झालं नाही ना?

"एकच आहे, काका," असं म्हणून मी मोकळी व्हायची. खरं सांगायचं तर मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या हातात कायम यादी असते आणि निकम काकांच्या घरानंतर त्या यादीत पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग असतं.

काका मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला बत्तीस वर्षं होते. आमच्याशी शहरी मराठी बोलतात, पण उत्साहात आले की त्यांचं 'आहे' जातं आणि 'शे' येतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात खडू आणि टेस्टर असतोच. घरातल्या खोल्यांना ते स्टेशन म्हणतात. हॉल स्टेशन एक, स्वयंपाकघर दोन, झोपायची खोली तीन, न्हाणीघर चार. "काकू कुठे आहेत?" असं विचारलं तर उत्तर येतं, "दोन नंबरला."

या चारही स्टेशनांवर एकच गाणं, एकाच वेळी, एकाच आवाजात वाजलं पाहिजे, हे काकांनी गेल्या वर्षी मनावर घेतलं. तेही स्वस्तात. दुकानात तयार संच मिळतात हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते दोन दुकानं फिरून आले आणि म्हणाले, "ताई, त्या भावात मी गायकच घरी ठेवला असता."

पहिला प्रयोग झाला जुन्या मोबाइलचा. बिल्डिंगमधले पडून असलेले चार फोन गोळा झाले. चार छोटे ब्लूटूथ स्पीकर आले. प्रत्येक स्टेशनवर एक माणूस उभा करायचा आणि काकांनी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. हॉलमध्ये काका, स्वयंपाकघरात मी, झोपायच्या खोलीत माझा नवरा आणि न्हाणीघरात आमचा वॉचमन.

"एक... दोन..."

वॉचमनने घाईत दोनलाच दाबलं. माझ्या नवऱ्याने तीनला दाबलं, पण त्याच्या फोनमधून आधी एका बाईने थंड हवेच्या ठिकाणी स्वस्तात जाण्याची ऑफर ऐकवली. माझा फोन विचार करत बसला. चार खोल्यांतून एकाच गाण्याच्या चार ओळी एकदम सुरू झाल्या.

"ही तर मंडई झाली!" काका ओरडले. मला हसू आवरेना. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या रिकामी बशी हातात धरून दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या होत्या, जरा गोंधळल्यासारख्या. मला वाटलं, घरातल्या या सर्कशीला कंटाळल्या असतील बिचाऱ्या. काकांनी मात्र झटकन चारही फोन बंद केले.

मग त्यांनी वायरीचा मार्ग धरला. "हवेतून पाठवलेला आवाज वाटेत चहा प्यायला थांबतो, ताई. वायरीतला सरळ कामावर येतो." एका गॅरेजमधून त्यांनी गाड्यांचे काढलेले चार स्पीकर आणले. सेकंडहँड ॲम्प्लिफायर आणला. पेट्या बनवायला लाकूड महाग, म्हणून कुंभाराकडून चार माठ आणले आणि माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला. आवाज खरोखरच भरदार यायला लागला. उन्हाळ्यात माझ्या सासूबाई काकूंना भेटायला गेल्या, तेव्हा ओगराळं घेऊन तीन नंबरच्या माठाकडे निघाल्या होत्या. त्यांनाही आधी डोळे मिटून चालावं लागलं.

चारही स्पीकर एका ॲम्प्लिफायरला सरसकट जोडले की तो तापतो, म्हणून दोन-दोनच्या जोड्या कशा करायच्या, कोणत्या स्पीकरची लाल वायर उलटी लागली की खोलीतला आवाज पोकळ होतो, हे सगळं काका मला जिन्यात उभं करून शिकवत. घरातल्या प्रत्येक चौकटीवर खडूच्या खुणा होत्या. जिथे आवाज किंचित पडला तिथे आडवी रेघ, जिथे वाढला तिथे फुली. माणूस यादी करतो म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल आदर वाटतोच. पण रोज नवी रेघ कशासाठी, हे कळत नव्हतं.

"काका, पुरे की आता. छान वाजतंय."

"छान नको, ताई. एकच पायजे."

वाजायचं तेही नेहमी तेच. फार वर्षांपूर्वी कानबाई देवीच्या सणाला काकू आणि त्यांच्या जावांनी म्हटलेली गाणी. काकांनी ती तेव्हा टेपरेकॉर्डरवर भरून घेतली होती आणि आता पेनड्राइव्हवर चढवली होती. मागे बांगड्या वाजतात, कुणीतरी खोकतं, कुकरची शिट्टी होते. ती शिट्टी चारही स्टेशनांवर एकदम झाली की काका टाळी वाजवत.

घोटाळा चार नंबरने केला. तिथली वायर जवळच्या वाटेने न्यायची म्हणून काकांनी ती इमारतीच्या डक्टमधून नेली होती आणि न्हाणीघरातला माठ जाळीच्या खिडकीत ठेवला होता. त्यामुळे बरोबर वरच्या मजल्यावरच्या कुलथे सरांच्या न्हाणीघरात रोज सकाळी सहाला कानबाई येऊ लागली. कुलथे सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी लेखी अर्ज दिला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: "सदर गाण्यांशी माझे वैर नाही, तथापि मला आंघोळ एकट्याने करण्याची सवय आहे."

मीटिंगमध्ये ठरलं: डक्टमधली वायर काढायची आणि सकाळची गाणी बंद. मुदत रविवारपर्यंत. एरवी पार्किंगच्या पट्ट्यावरून तासभर भांडणारे काका खाली बघत खिशातल्या खडूशी चाळा करत बसले.

रविवारी दहा वाजता मी यादी घेऊन गेले. सातवा मुद्दा, निकम, वायर. दार उघडंच होतं. गाणी चालू होती. काका काही सामान आणायला बाहेर गेले होते.

"बस ना, बाई. चहा टाकते," काकू म्हणाल्या आणि उठल्या. गाण्यातल्या आपल्याच आवाजाबरोबर गुणगुणत त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. चांगल्या ठसक्यात चालत होत्या.

आणि वीज गेली.

गाणं मध्येच तुटलं. काकू चौकटीत थांबल्या. एक हात खडूच्या रेघेवर. मला वाटलं, अंधारलं म्हणून थांबल्या, पण खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. त्यांनी स्वयंपाकघरात पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसल्या.

"काय घ्यायला निघाले होते गं मी?"

"चहा टाकत होतात, काकू."

"हो, हो," त्या म्हणाल्या. पण पाऊल पुढे पडेना. आत जावं की बाहेर यावं, हे त्या पायांना कुणी सांगतच नव्हतं. मी उठून त्यांचा हात धरावा की नाही, ते मलाही कळेना.

तेवढ्यात काका जिना चढून धापा टाकत दारात आले. त्यांनी एकदा बंद ॲम्प्लिफायरकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. हातातली पिशवी तिथेच ठेवली आणि गायला लागले.

काकांचा आवाज म्हणजे तेल नसलेलं बेअरिंग. पण ओळ बरोबर तीच, जिथे गाणं तुटलं होतं तिथूनच. गात गात ते काकूंच्या पुढे झाले आणि उलटे चालत स्वयंपाकघरात शिरले. दुसऱ्या ओळीला काकूंनी सूर धरला. पाय आपोआप निघाले. ओट्याशी पोचल्यावर त्यांनी गॅस पेटवला, पातेलं ठेवलं आणि काकांना म्हणाल्या, "केवढं बेसूर! सरका, दूध काढू द्या."

काका बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. कपाळ पुसलं.

"दोन वर्षं झाली, ताई. एका खोलीत असली की सगळं नीट शे. दारात आली की हातातलं काम सुटतं. पण गाणं चालू असलं तर त्याच्या मागोमाग जाते. सकाळी उठते, आंघोळ करते, स्वयंपाक करते, सगळं स्वतः. फक्त गाणं दारात तुटायला नको. मागे-पुढे झालं तरी ती वळून परत येते." त्यांनी पिशवीतून वायरीचं नवं भेंडोळं काढलं. "डक्टमधली आज काढतो. ही घरातून फिरवून नेतो. पण सकाळचं... सकाळीच तिला तीन दारं पार करायची असतात."

मी वर कुलथे सरांकडे गेले. फार बोलावं लागलं नाही. सर माझ्याबरोबर खाली आले, न्हाणीघरात शिरले आणि मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, "निकम, माठाचं तोंड खिडकीकडून आत वळवा. खिडकीला मी पुठ्ठा लावून देतो. सहाची वेळ ठीक आहे. हल्ली मुलं उशिरा उठतात ते वाईट."

दुपारपर्यंत आम्ही तिघांनी मिळून वायर फिरवली. मी यादीतला सातवा मुद्दा खोडला. वीज आली होती. काकांनी गाणं लावलं आणि नेहमीप्रमाणे माझा हात धरला.

या वेळी मी डोळे खरंच घट्ट मिटले. हॉल. बांगड्या. कुणीतरी खोकलं. चौकट ओलांडली.

"एकच शे ना?"

"नाही, काका," मी म्हणाले. "दारात किंचित पडतंय. पुन्हा एकदा जाऊ या."

काकांनी खिशातून खडू काढला.