पिसाच्या पंगतीला पालम

"आज तरी भिंतीला टेकू लावा हो. पाहुणे यायलेत," चतुराबाई म्हणाल्या.

व्यंकटरावांनी पेपरातून डोकं काढलं नाही. पुरवणीत 'जगातली नवलं' वाचल्यापासून अंगणाची आत झुकलेली मातीची भिंत त्यांना फारच प्रिय झाली होती.

"इटलीत मनोरा कललाय. लोक इमानात बसून बघायला येत्यात. टेकू लावला तर नवल काय ऱ्हायलं?"

"गाव कोणतं म्हणं ते?"

"पिसा."

"नावच पिसा! तिथले कशाला सरळ बांधत्यात?"

नामांतराच्या बंदमुळे एसटी अडकून लेकीला, कोकिळेला, बघण्याचा कार्यक्रम दोनदा हुकला होता. आता मानवतचं हे स्थळ हातचं जाईल, ही चतुराबाईंना धास्ती. व्यंकटरावांना धास्ती एवढीच, की भिंत बघायला कुणी आलंच नाही तर! पालमच्या स्टँडवरच्या चहावाल्या लिंबाजीला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "माझ्याकडं बघायला कुणी आलं, की थेट घेऊन ये."

दुपारी मानवतचे आबासाहेब मुलाला, रंगनाथला, घेऊन एसटीतून उतरले.

"व्यंकटरावाकडं बघायला आलोत."

लिंबाजीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "चला की! लय कललीय बघा."

"कललीय?" आबासाहेब थबकले. "आन् वय?"

"म्हातारीच म्हणा. वरून पांढरं फासलं की कळत न्हाई. पर खरी गंमत खाली हाय. पोट आलंय तिला."

आबासाहेब जागच्या जागी वळले. "माघारी गाडी कधी हाय?"

"आता सांजच्यालाच."

रंगनाथला कोकिळेचा फोटो आवडला होता. तो हळूच म्हणाला, "आप्पा, तवर बघून तर घेऊ."

गल्लीत पोचताच लिंबाजीनं हात केला. "ही बघा!"

"ही? भिंत?"

"मग काय तर!"

आबासाहेबांना एवढं हसू लोटलं, की तोल सावरायला त्यांनी भिंतीवरच हात टेकला. भिंत धपकन अंगणात बसली. धुरळा खाली आला, तेव्हा बाजूला कोकिळा उभी होती. पदर खोचलेला, हातात टेकूची लाकडी बल्ली आणि पापण्यांपर्यंत पांढरी. वडलांची नजर चुकवून ती टेकू लावायला आली होती. मागे चतुराबाई पोह्यांचं ताट धरून तशाच थिजल्या.

रंगनाथ बघतच राहिला. "आप्पा, पसंत हाय."

"माझं कुठं बघून झालंय?" कोकिळा म्हणाली. "आधी मानवतला येते, तुमच्या घराच्या भिंती बघायला."

आबासाहेब धुरळा झटकत म्हणाले, "ये की पोरी. मोजून घे."

त्या काळी मुलीनं सासर बघायला जाणं कुणी ऐकलं नव्हतं. कोकिळा आईला घेऊन एसटीनं गेली, तेव्हा मानवतच्या गल्लीत एवढी गर्दी लोटली, की पिसालाही कधी झाली नसेल. भिंतींवर एकेक थाप मारून तिनं होकार दिला.

व्यंकटरावांना मात्र हे नवल बघता आलं नाही. चतुराबाईंनी निघण्याआधीच त्यांना नव्या भिंतीसाठी माती कालवायला लावलं होतं.