जाणकाररावांचं पान

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून, कधी घरात पाहुणे आहेत म्हणून, आणि बहुतेक वेळा काहीच कारण नसताना. आता वय असं झालंय की कारणंही संपत आली आहेत. शिवाय बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळींत खंडोजीअण्णांची जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यातला एक भाग साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे आज फक्त मला माहीत आहे.

खंडोजीअण्णांना कुणी फेसबुकवर शिवी दिली की ते त्याला जेवायला बोलवायचे.

चेष्टेनं नव्हे. घराचा पत्ता, कोपऱ्यावरच्या पिंपळाची खूण आणि खाली एक ओळ: "रविवारी सकाळी या. आधी खा, मग तोंडावर बोला." त्यांचा एक सिद्धांत होता. घाणेरडं लिहिणारा माणूस उपाशी असतो. ते शिवी वाचायचे नाहीत, शिवीची वेळ बघायचे. "बघा सार, साडेबाराला लिहिलंय. नाश्ता झालेला नाही. जेवणाला अजून टाइम आहे. स्वल्प चिडणारच की."

अण्णा आमच्या शेजारच्या घरात राहत. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं. मी पुण्याहून सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलो, त्यालाही चाळीस वर्षं उलटली होती, पण अण्णांच्या लेखी मी कालचाच. "आम्ही घोड्यावरून आलो," ते सगळ्यांना सांगत, "सार रिझर्वेशन करून आले." त्यांची मराठी कानडीच्या मांडीवर बसून वाढलेली. ठीकला ते 'सरी' म्हणत आणि थोड्याला 'स्वल्प'. माझ्या बायकोला, नलिनीला, ते अक्का म्हणत, आणि मला सार, म्हणजे सर. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही याबद्दल मला अजून शंका आहे.

नोकरी त्यांनी सिटी बसमध्ये केली, तिकीट तपासनीस म्हणून. त्या नोकरीतल्या गोष्टी ते वेदवाक्यासारख्या सांगत. एक मला पाठ आहे. बिनतिकिटाचा माणूस कसा ओळखायचा? तो घाबरत नाही, घाम पुसत नाही. तपासनीस चढला की तो खिडकीबाहेर बघायला लागतो, जणू जयनगरची झाडं त्यानं जन्मात पाहिली नाहीत.

त्यांच्या पत्नी सुशीलाअक्का गेल्यावर अण्णा एकटे पडले. मुलगी मैसूरला. पहिले काही महिने ते आमच्याकडे जेवत, मग एक दिवस म्हणाले की आता घरीच करतो, आणि करतोय ते दाखवतोही. त्यांनी फोन कुकरला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ काढायला लागले. त्यात अण्णांचं पोट आणि कढई दिसायची. चेहरा फक्त मीठ चाखताना खाली वाकून आत यायचा. सुरुवात ठरलेली: "नमस्कार, मी खंडोजी. ऊट आयता?" म्हणजे जेवलात का. मग तांदळाच्या पिठाची अक्की रोटी, चित्रान्न म्हणजे फोडणीचा भात, हुळी म्हणजे आंबट वरण, जे काय असेल ते, आणि मध्येच गॅस संपला तर गॅस संपलेलाही.

हे व्हिडिओ ते आमच्या परिसराच्या मराठी फेसबुक ग्रुपवर टाकत. त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मी.

आता माझी बाजू. मी त्याच ग्रुपवर 'कावेरीचं पाणी आणि आपण' ही लेखमाला लिहीत होतो. अभ्यास करून, आकृत्या काढून. तिला अंगठे पडत तीन. एक माझा, एक मराठी मंडळाच्या चिटणिसांचा आणि एक नलिनीचा, तोही तिनं चष्मा शोधताना चुकून दाबलेला. अण्णांनी मात्र एकदा नुसता फणस चिरला, तर तो फणस हैदराबाद आणि दुबईपर्यंत पोचला. लोक खाली बदाम टाकत होते. मी आकृतीसह पाण्याची पातळी सांगत होतो आणि लोक फणसाला बदाम टाकत होते.

त्या दुपारी मी एक दुसरं खातं उघडलं. नाव ठेवलं 'एक जाणकार'. फोटो वाघाचा लावला, कारण तसल्या खात्यांना वाघच असतो.

पहिली टिप्पणी साधी होती: "फणसाला तेल कमी. सुरीला अक्कल कमी." मला स्वतःचंच हसू आलं. निवृत्त झाल्यापासून इतकं चांगलं वाक्य माझ्या हातून उतरलं नव्हतं. पाच मिनिटांत अण्णांचं उत्तर आलं: "जाणकारराव, बरोबर आहे. रविवारी या."

मग मला चटकच लागली. अण्णांचा व्हिडिओ आला की मी खोलीचं दार लोटून घेई. ते चित्रान्नात शेंगदाणे टाकत, मी लिहीत असे, "हा भात आहे की भेळ?" ते पुरणपोळीला तुरीची डाळ घेत, इकडच्या पद्धतीनं. माझ्यासारख्या हरभऱ्याच्या डाळीवर वाढलेल्या माणसाला तर रानच मोकळं मिळालं. "ही पोळी नाही, वरणाचं पाकीट आहे." नलिनी बाहेरून विचारी की एवढं काय लिहिता, मी म्हणे, कावेरी.

रविवारी अण्णांच्या घरी नाश्त्याला सात-आठ माणसं असत आणि त्यांतली निम्मी अण्णांना शिव्या देऊन आलेली. व्हाइटफील्डच्या एका आयटीवाल्यानं त्यांना 'मेंटल म्हातारा' लिहिलं होतं. तो पहिल्या दिवशी हेल्मेट न काढताच दारात उभा राहिला, मार बसेल म्हणून. नंतर दर रविवारी तो स्वतःच्या बाल्कनीतला कढीपत्ता घेऊन येई. येलहंक्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं की अण्णांचा बनियन बघून जेवण जात नाही. त्या आल्या त्या एप्रन शिवून घेऊनच. अण्णांनी तो घातला, पण बनियनच्या आत, डाग पडू नये म्हणून.

मी शेजारी, त्यामुळे मी असायचोच. जमिनीवर केळीची पानं मांडली जात. माझ्या शेजारी, खिडकीच्या कडेला, एक पान जास्तीचं असे. पाण्याचा पेला, कोपऱ्यात मीठ.

"हे कुणाचं?" पहिल्यांदा मीच विचारलं. दुसरं कुणी विचारण्याआधी.

"जाणकाररावांचं," अण्णा म्हणाले. "पत्ता दिलाय. येतील."

जाणकारराव येत नसत. म्हणजे ते शेजारीच बसून चौथी अक्की रोटी खात असत. सगळ्यांचं झालं की अण्णा त्या पानावर वाढलेलं उचलून कोपऱ्यावरच्या गाईला देत. ती गाय जाणकाररावांच्या नावावर चांगली सुटली होती. तिच्यासमोरून जाताना मी रस्ता बदलत असे.

ग्रुपवरचे लोक मात्र जाणकारावर चिडले होते. त्याला शोधा, हाकला, पोलिसांत द्या, अशी मागणी अ‍ॅडमिनकडे, म्हणजे माझ्याकडे आली. मी गंभीरपणे 'चौकशी सुरू आहे' असं लिहिलं. गणेशोत्सवात मंडळानं माझं व्याख्यानच ठेवलं: 'समाजमाध्यमांवरील टवाळखोरी आणि तिला आळा'. मी तासभर बोललो. टोपणनावामागे लपणाऱ्यांची मानसिकता मी इतकी बारकाईनं उलगडली की चिटणिसांनी आभार मानताना माझ्या निरीक्षणशक्तीचा खास उल्लेख केला. उत्तर देऊ नका, ब्लॉक करा, तक्रार करा, ग्रुपबाहेर काढा. टाळ्या पडल्या. शाल मिळाली. ती शाल अजून कपाटात आहे, घडी न मोडलेली.

प्रश्नोत्तरांत अण्णा उभे राहिले. "सार, एक डौट. मी कुणाला बसमधून उतरवलं नाही कधी. दंड घ्यायचा आणि सीट द्यायची. उतरवलेला माणूस मागच्या बसला परत बिनतिकीटच चढतो. ह्याला तुम्ही ब्लॉक केला तर तो बोलणार कुणाशी?"

लोक हसले. मीही हसलो आणि हॉलच्या खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवशी परत येताना रिक्षात त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकूनही मी थांबलो नाही, हे इथे लिहून ठेवायलाच हवं. ते म्हणाले की मुलगी व्हिडिओ न बघताच अंगठा देते, त्यांना कळतं, कारण व्हिडिओ दहा मिनिटांचा असतो आणि अंगठा लगेच येतो. बाकीचेही तसेच. पण हा जाणकार शेवटपर्यंत बघतो. परवा मीठ दोनदा पडलं, ते फक्त त्यानं पकडलं. "सुशीला गेल्यापासून," अण्णा म्हणाले, "माझ्याकडं इतकं लक्ष कुणी दिलं नाही बघा सार."

यानंतर काही दिवसांनी अण्णांनी पुन्हा पुरणपोळी केली. दुपारची वेळ होती, नलिनी शेजारच्या पलंगावर झोपली होती, म्हणून मी आवाज बंद ठेवून नुसतं बघितलं. तेही अर्धंच. तुरीची डाळ दिसली, एवढं मला पुरेसं होतं. मी लिहिलं: "ज्या बाईनं हे शिकवलं तिला चुलीजवळ जाऊ द्यायला नको होतं."

उत्तर आलं नाही. पाच मिनिटांत नाही, संध्याकाळपर्यंतही नाही. नलिनी उठली, चहा घेता घेता तिनं तोच व्हिडिओ लावला, आणि अण्णांचा आवाज मी तेव्हा ऐकला. नमस्कार, मी खंडोजी. आज सुशीलाला जाऊन दोन वर्षं झाली. ही तिची पोळी. तिनं शिकवली नाही मला, मी दारात उभा राहून बघत होतो, तेवढंच येतंय. चुकलं तर माझं, तिचं नाही.

नलिनीनं खालची टिप्पणी वाचली. "कोण असेल हो हा मेला?" ती म्हणाली. मी चहा संपवला.

टिप्पणी मी पुसली, खातं बंद केलं. अण्णांनी त्यानंतर एकही व्हिडिओ केला नाही. ग्रुपवर चर्चा झाली, हळहळ झाली, आणि गोष्ट तयार झाली: कुणीतरी बाहेरच्या माणसानं अण्णांचं मन मोडलं, करंदीकरांनी त्याला हाकललं. करंदीकर म्हणजे मी. चुकीचा भाग तो हा.

रविवार मात्र चालू राहिला. मला वाटलं होतं, ते पान आता नसेल. होतं. आयटीवाला चिडून म्हणाला, अण्णा, त्या हरामखोरासाठी अजून मांडता? अण्णा मीठ वाढत होते. म्हणाले, "त्या दिवशी त्यानं ऐकलं नसणार. ऐकलं असतं तर तसं लिहिलं नसतं. घरात काही अडचण असेल बिचाऱ्याच्या."

त्या आठवड्यात मी माफीची तयारी केली. इंजिनिअर माणूस, मुद्दे काढले. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो, एकटाच, आणि माझ्या पानावर न बसता खिडकीकडच्या त्या पानावर बसलो. अण्णा तवा सोडून बाहेर आले. हातात उलथनं. माझ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं.

"अण्णा," मी म्हणालो, "मला जरा सांगायचंय."

"सरी," ते म्हणाले. "आधी खा."

आणि पुरणपोळी वाढली, तुरीच्या डाळीची, वर तूप. मी मुद्दे विसरलो. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागलो, आणि त्याच क्षणी मला कळलं की मी काय करतोय, आणि इतके रविवार मी त्यांच्यासमोर काय करत आलोय. वळून बघितलं तर अण्णा शांतपणे माझं नेहमीचं पान उचलून बाजूला ठेवत होते. एक पान कमी झालं होतं. "त्या बाजूला वारा बरा येतो, सार," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून ती जागा माझी झाली. जाणकारराव कुठे गेले, हे कुणी विचारलं तर अण्णा म्हणत, मिळाली त्यांना सीट. गाय बारीक झाली. दर रविवारी मी ठरवत असे की आज खाऊन झाल्यावर सांगू, आणि खाऊन झाल्यावर वाटे की त्यांना माहीत आहे, मग सांगायचं कशाला. या 'कशाला'वर मी पुढची तीन वर्षं जेवलो. मग एका बुधवारी अण्णा झोपेतच गेले. मैसूरहून मुलगी आली. तिनं माझे हात धरून सांगितलं की काका, तुम्ही बाबांना फार सांभाळलंत, त्या माणसालाही तुम्हीच हाकललंत. मी तिलाही काही बोललो नाही.

ते खातं मी परवा परत उघडलं. वाघ अजून आहे. शेवटच्या व्हिडिओखाली, अण्णांच्या पोटाखाली आणि कढईखाली, रिकामी चौकट आहे. या वेळी आवाज सुरू ठेवून शेवटपर्यंत बघितला. वाक्य लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवून ते कुणाला मिळणार. म्हणून इथे लिहितो.

अण्णा, पोळी चांगली होती. सुशीलाअक्कांचीही, तुमचीही. पहिल्यापासूनच चांगली होती.