सव्वाबारा शेर तेजाब

फुगा वर गेला तर खुशालरावांच्या पदरात काय पडणार होतं? अकोटच्या बाजारात हंगामातली पहिली कापसाची गाडी. तीन वर्षं हा मान जानरावांकडे होता. त्यांनीच चावडीत शब्द दिला होता, "रेशमाची पिशवी आभायात धाडून दाखवा पाटील, यंदा माही गाडी तुमच्या मांगं."

कापसाला सोन्याचा भाव आलेला. खुशालरावांनी चाकांना चांदीच्या धावा चढवल्या होत्या. जुन्या लोखंडी धावा पडून होत्या. मुंबईत शिकून आलेल्या वामनराव मास्तरांनी हिशेब मांडला, "त्यांचा सात शेर कीस काढा. त्याला तेजाब, म्हणजे गंधकाचं आम्ल, सव्वाबारा शेर. दोन्ही एकाच वेळी संपतात, आणि निघालेल्या हवेनं ही पिशवी भरते."

"सात शेर? माह्या घरी मोजून वाढत नाईत, मास्तर. चौदा टाका. पिशवीबी दुप्पट शिवा."

"तेजाब तेवढंच आहे, पाटील. ते संपलं की हवा संपली."

मनकर्णाबाई दारातून नवऱ्याला म्हणाल्या, "कनिक पन्नास पोयांची, अन् पुरन शंभराचं शिजवून राहिले. पोया किती होतीन?"

"तुले काय समजते त्यातलं?"

बाजाराच्या दिवशी पिंप फसफसलं. तेल पाजलेली पिशवी अर्धी फुगली आणि थांबली. खालचं रेशीम नुसतं लोंबत राहिलं.

"जेवन जड झालं वाट्टे फुग्याले," जानराव म्हणाले.

खुशालरावांनी हातातलं चांदीचं कडं पिंपात टाकलं. एक बुडबुडा आला नाही.

मनकर्णाबाई पुढे झाल्या. "मास्तर, हवा कितीची निघाली?"

"सात शेरांची."

"मंग पिशवीबी तेवढीच ठेवा." त्यांनी पिशवीच्या कमरेपाशी दोरी आवळली आणि खालचं लोंबतं रेशीम कापून टाकलं. फुगा कडुनिंबावरून सरळ वर गेला.

जानराव शब्दाचे पक्के. "गाडी पयली तुमची, पाटील. पन वर बसतीन वयनी. उडवला त्यायनं."

खुशालराव कासरा धरून पुढे चालले. छाती मात्र अशी, जणू मास्तरांना हिशेब त्यांनीच शिकवला होता.

शेवटी पिंप उपसलं. कडं जसंच्या तसं निघालं, सात शेर लोखंडही उरलं. कापलेल्या रेशमाच्या मनकर्णाबाईंनी सालदारांसाठी पावसात डोक्यावरून घ्यायच्या खोळी शिवून घेतल्या. त्या पावसाळ्यात रेशीम पांघरून निंदणारे सालदार साऱ्या वऱ्हाडात एकट्या खुशालरावांचे. शिलाईही पाटलांनीच भरली.