हसनचाचांचा नवसागर

हसनचाचा घरात आले की माणसांशी बोलण्याआधी भांड्यांत डोकावत. आतून पितळ उघडं पडलेलं दिसलं की कपाळाला हात लावत, "मास्तर, इख खाताय, इख!" आमटी कळकते हे मला मान्य होतं, पण सकाळी दात घासायच्या आधी ते ऐकायला नको वाटे.

बेलापुरात मी शाळामास्तर आणि चाचा शेजारचे कल्हईवाले. चाची जाऊन बरीच वर्षं झालेली. खिशात कायम नवसागराचा खडा, आणि जग त्या खड्यावर चाललंय असं ठाम मत. "कथिल भांड्याला चिकटतंय कुनामुळं? बॅटरीच्या सेलात कोन हाय? नवसागर!" पूर्वी मिसर देशात उंटाच्या लेंड्या जाळून तो काढत, हे त्यांनी मला मी जेवत असताना सांगितलं. लग्नात कुणाला घेरी आली की चाचा चुन्यात खडा चोळून नाकाशी धरत. एकदा नुसती डुलकी काढणाऱ्या व्याह्यांच्या नाकाशी धरला. व्याही उठले ते थेट गावी गेले.

मग दुष्काळ आला आणि त्याच सुमारास स्टीलही आलं. बायकांनी पितळ मोडीत घातलं. चाचा स्टीलकडे बघून म्हणत, "ह्याला कल्हई लागत न्हाई, मास्तर. मानूस बी लागत न्हाई." दिवसभर शाळेत धूळ खाऊन मी दमून येई, आणि ओट्यावर रिकामे बसलेले चाचा पाहून आणखी दमे.

आमच्याकडे एकच पितळी पातेलं उरलं होतं. त्याची कल्हई चार महिने सहज टिकली असती. पण माझी बायको सुमन दर महिन्याला विटेच्या भुकटीनं ती घासून काढी आणि चाचांना हाक मारी. म्हाताऱ्याचं काम सुटू नये, एवढंच तिच्या मनात. चाचा अंगणात भाता लावत, तापल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाचा बोळा फिरवत. पांढरा धूर उठे, मी खोकत चरफडे, पातेलं लखलखे. मग चहा, आणि तासभर उंट.

एका उन्हाळ्यात चाचांनी पातेल्यात बोट फिरवलं आणि ते खाली ठेवलं. भाता लावलाच नाही.

"बाई, किती दिस इटेनं घासताय?"

सुमननं हात पदराआड घेतले. मी उगाच वर्तमानपत्र उघडलं.

"सैपाकानं जाती ती कल्हई येगळी, इटेनं जाती ती येगळी. पह्यल्या बारीलाच वळखलं हुतं मी."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोललो आस्तो तर बलावनं बंद झालं आस्तं." चाचांनी खिशातला खडा काढला, पुन्हा आत ठेवला. "पोटाला पुतन्या घालतोय, मास्तर. पन दिसभर बोलायला कोन न्हाई." मग सुमनकडे वळले. इतकी वर्षं तिला 'बाई' म्हणणारा माणूस. "पोरी, तुजं हात बग कसं सोलपटल्यात. आता घासू नगं. मी तसाच आलो तर चालंल का?"

सुमन पदर डोळ्यांना लावून आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. मला माझ्या चरफडण्याची लाज वाटली. मी वर्तमानपत्राची घडी केली.

"चाचा," मी म्हणालो, "ते उंटाचं काय सांगत होतात?"