राजकन्येचं पहिलं वेत

‘शेषेराव ग्यानोबा बिराजदार. एसटीचे निवृत्त तिकीट तपासनीस. चोऱ्या, हरवले-सापडले, संशयास्पद पाहुणे व इतर गुंतागुंत. नुसता चेहरा पाहून विनातिकीट माणूस ओळखणारा मराठवाड्यातील एकमेव शोधक. चपला बाहेर काढाव्यात.’

लातुरातल्या त्या घराच्या दारावर ही पाटी होती. शेवटचं वाक्य तेवढं शेषेरावांच्या वहिनींनी, म्हणजे चांगुणाबाईंनी, नंतर खडूनं लिहून घेतलेलं होतं. त्या पाटीतलं पाळलं जायचं तेही तेवढंच.

चांगुणाबाईंची सून उज्वला हिला चुलत सासऱ्यांचा हा धंदा चार वर्षांत अंगवळणी पडला होता. ती बी.ए. झालेली, त्यामुळे काकांच्या तपासवहीत शुद्धलेखन बघायचं काम तिच्याकडे. दुसरं काम दीड वर्षाच्या आर्वीचं. आर्वीच्या तोंडात आत्ता काय आहे, हे ओळखण्यात मात्र उज्वला खरी शोधक होती. बटण, खडू, एकदा तर काकांच्या शिट्टीतला मणी.

आर्वी झोपली की उज्वला लिहायची. वीस मिनिटांच्या झोपेत दीड पान. अशी पंधरा पानांची एक कथा तिनं दोन महिन्यांत पुरी केली होती. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. कारण आधी तीन ठिकाणी विचारून बघितलेलं. दोन ठिकाणी विचारलं होतं, “याआधी काय छापून आलंय?” तिसऱ्या संपादकांनी प्रेमानं कळवलं होतं, “ताई, आधी नाव होऊ द्या, मग या.”

आता नाव व्हायचं तर काय, तिची चांगली दोन झाली होती. माहेरची ती राजकन्या. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘उज्वला’ लिहिलं गेलं आणि राजकन्या त्या ताटातच राहिली.

मग एकदा पेपरात नांदेडच्या एका छोट्या प्रकाशनाचं निवेदन आलं. ‘ज्यांची आजवर एकही कथा छापली गेली नाही अशांच्या कथांचा संग्रह. छापून आलेल्यांनी कृपया त्रास देऊ नये. निवड पत्राने कळवू.’ काहीच छापून न येणं ही पात्रता असलेलं जगातलं ते एकच दार. उज्वलानं कथा पाठवली. नाव घातलं नुसतं ‘राजकन्या’. पत्ता, ‘द्वारा शेषेराव बिराजदार’, कारण पोस्टमनला गल्लीतली तीच एक पाटी पाठ होती. फोन नंबर लिहिला नाही. फोन बहुतेक वेळ आर्वीच्या हातात असायचा आणि ती उचलून “आजी शी” म्हणायची.

आणि आज सकाळी पेपरात निवडलेल्या दहा जणांची यादी. सातवं नाव : राजकन्या, लातूर.

खाली बारीक अक्षरात : ‘निवडपत्रे पंधरवड्यापूर्वीच रवाना. सोबतचे संमतीपत्र आज सायंकाळी पाचपर्यंत न पोचल्यास पुढील कथेचा विचार होईल.’

पत्र तर आलंच नव्हतं. निवेदनातला नंबर उज्वलानं अकरा वेळा फिरवला. घंटा वाजायची, उचलायचं कोणी नाही. शेवटी ती काकांपुढं उभी राहिली.

“काका, मागच्या पंधरा दिवसांत पोस्टानं माझं एखादं पत्र आलतं का?”

शेषेरावांनी चष्मा कपाळावर चढवला. तपास सुरू झाल्याची ती खूण होती.

“म्हणजे पत्र गायब हाय.”

“तसं नाही, आलं का एवढंच...”

“गायबच हाय. न आलेल्या पत्राला कोणी ‘आलतं का’ म्हणत न्हाई. बस. वही काढ.”

पत्र कुणाच्या नावाचं, हे त्यांनी विचारलं नाही. नाव-गाव विचारतो तो कारकून, असं त्यांचं मत होतं. आणि उज्वलाला ते आपणहून सांगायचं धाडस झालं नाही.

पहिला संशयित पोस्टमन लखन. तो अकरा वाजता आला, तेव्हा काका दारामागं दबा धरून होते.

“थांब! सुनबाईचं पत्र कुठं हाय?”

“मी वाटलं की सगळं. तुमच्याच हातात देऊलालाव रोज.”

“घाम का आला?”

“ऊन हाय काका. डोक्यावर बगा.”

काकांनी वहीत लिहायला सांगितलं : ‘संशयिताने सूर्याकडे बोट दाखवून दिशाभूल केली.’ उज्वलानं ‘दिशाभूल’मधला ऱ्हस्व-दीर्घ सांभाळला आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वा अकरा.

दुसरा संशयित वरच्या खोलीतला रविकिरण. इस्लापूरहून क्लासला आलेला, डॉक्टरकीची परीक्षा तिसऱ्यांदा देणारा पोरगा.

“तीन दिवस झाले, एकच पान उघडं हाय त्याचं,” काका कुजबुजले. “अपराधी मन पुढं सरकत न्हाई.”

“काका, ते पान बेडकाचं आहे. ते कुणालाच पुढं सरकत नाही.”

काकांनी वर जाऊन झडती घेतली. सापडलं ते इतकंच : चिवड्याचा डबा, अगरबत्ती, आणि काकांचाच दोन वर्षांपूर्वी हरवलेला नेलकटर. ते विजयी मुद्रेनं खाली आले. पण नेलकटर सापडल्यानं पत्राचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला जेवण होऊन गेलं. दीड वाजला.

तिसरा सिद्धान्त त्यांनी ताकाचा पेला ठेवून मांडला. “घरातलाच माणूस. सुनेचं पत्र कोण दाबतं? सासू! शंभरातले नव्वद गुन्हे...”

“भावजी,” चांगुणाबाई भांडी घासताना न वळताच म्हणाल्या, “मला वाचाया येत न्हाई. दाबलेलं पत्र घेऊन मी काय करू, त्याच्यावर पापड वाळवू?”

“अंगठेबहाद्दर असल्याचं सोंग,” काका उज्वलाला म्हणाले, पण हळू.

उज्वलाला मात्र आता राहवेना. आर्वीला कडेवर घेऊन ती मोरीशी सासूजवळ गेली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आर्वीनंच पुसलं, चिखलाच्या हातानं.

“आत्या, मी गोष्ट लिहिली होती. नांदेडला पाठवली. ती घेतली त्यांनी, पुस्तकात छापणारेत. पण पाचच्या आत सही नाही गेली तर गेलं सगळं. परत असं कोण विचारणारे मला?”

चांगुणाबाईंनी हात धुतले. गोष्ट लिहिलीस कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते साधंच.

“पत्रावर नाव कंचं होतं?”

“माझंच. माहेरचं. राजकन्या.”

चांगुणाबाई एकदम खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“भावजी! वैनीचा शक नंतर घ्या. पिराजीला कंचा लखोटा दिलता तुमी?”

पिराजी म्हणजे चांगुणाबाईंचा देवणीचा भाऊ. पंधरा दिवसांपूर्वी सोयाबीन घेऊन आडतीवर आला होता.

“तो? तो गाईचा होता,” शेषेराव म्हणाले. “सरळ प्रकरण. वर नाव राजकन्या. कोपऱ्यात छापलेलं, ‘पहिलं वेत’. पिराजीच्या गाईचं नाव राजकन्या, औंदाच पहिल्यांदा व्यालेली, म्हणजे पहिल्या वेताची. विम्याचे कागद. मी एका नजरेत ओळखलं आणि त्याच्या हवाली केलं. वहीत नोंद हाय.”

नोंद होती. ‘गाईचे टपाल. दहा सेकंदांत उलगडा.’

“पहिलं वेत हे पुस्तकाचं नाव आहे काका,” उज्वला म्हणाली. “पहिल्या कथांचं.”

“पर माणसाचं नाव राजकन्या...”

“हिचंच की!” चांगुणाबाई म्हणाल्या. “लग्नात तुमी पंगतीत बिनबोलावलेले धरत फिरूलालते, तुमाला काय मालूम? लग्नाच्या आदी त्याच सालात पिराजीकडं कालवड झाली, तिचं नाव राजकन्या ठेवलं. मग हाक मारली की दोघी येतील म्हणून हिचं बदललं.”

चार वर्षं उज्वला समजत होती की गुरुजींनी पत्रिका बघून अक्षर काढलं होतं.

पिराजीला फोन लावला. तो खूश होता.

“अक्का, ते कागद तर मी भरून कवाच धाडले! लई इचारलं होतं बग. नाव, राजकन्या. वय, चार. शिक्षण, न्हाई. ‘आपला परिचय थोडक्यात’, तर लिवलं, ‘पांढरी, मधून मधून काळी. स्वभावानं गरीब. लाथ मारत न्हाई.’ सही तिला येत न्हाई, म्हणून मीच केली. खाली लिवलं, ‘मालक’.”

“मामा, त्या पत्रावर नंबर आहे का?”

दुसराच नंबर होता. पहिल्याच घंटेला उचलला गेला. संपादकबाईंचा आवाज करडा होता.

“राजकन्या? बरं झालं, फोन केलात. तुमच्या मालकांनी सही केलेलं संमतीपत्र मिळालं. आम्हाला चालत नाही ते. कथा बाईनं लिहायची आणि संमती नवऱ्यानं द्यायची, हे बंद करायलाच आम्ही पुस्तक काढतोय.”

“ते माझे मालक नाहीत हो. ते गाईचे...” उज्वला थांबली. समजावत बसलं तर पाच वाजले असते. “मी सही केली तर चालेल?”

“कोऱ्या कागदावर संमती लिहा, सही करा, फोटो या नंबरावर पाठवा. पाचच्या आत.”

काकांनी तपासवहीतलं पान स्वतः फाडून दिलं. चांगुणाबाईंनी आर्वीला घेतलं. संमती लिहून झाली आणि पेन सहीच्या जागेवर अडलं. कोणतं नाव?

“राजकन्याच लिव,” चांगुणाबाई म्हणाल्या. “गाय काय भांडाया येत न्हाई.”

चार वाजून दहा मिनिटांनी फोटो गेला. तोवर काका नवं पान लिहीत होते : ‘पत्रप्रकरण. यशस्वी उलगडा. मुख्य आरोपी देवणी येथे चरताना आढळला.’ उज्वलानं शुद्धलेखन तपासलं. चूक एकही नव्हती.

तेवढ्यात संपादकबाईंचा फोन आला.

“मिळालं. आता एवढंच सांगा, तो परिचय तसाच छापू ना? आमच्याकडे सगळ्यांना फार आवडलाय. पांढरी, मधून मधून काळी... वय चार म्हणजे लेखनाचं, असं आम्ही धरलं.”

उज्वलानं पुन्हा कडेवर घेतलेल्या आर्वीकडे पाहिलं. तिच्या तोंडात काहीतरी होतं. एका हातानं सहीच्या पेनाचं टोपण बाहेर काढत ती म्हणाली,

“छापा की. शेवटचं वाक्य तेवढं काढा. लाथेचं.”