सदाशिवरावांचं अस्सल कुलूप

मुलांनो, डोळे मिटा आणि एक दार समोर आणा. औरंगाबादेतलं, पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांतलं. दाराला साखळीची कडी, चौकटीला लोखंडी कोयंडा. कडी कोयंड्यावर चढवायची आणि कोयंड्याच्या भोकात कुलूप अडकवायचं. दिसलं? आता दारापुढे सदाशिवराव उभे करा.

कचेरीचं काम उर्दूतून मराठीत आल्यापासून हे कारकून शब्दांचं सोवळं-ओवळं पाहू लागले होते. त्या दिवशी पैठणला त्यांच्या मेहुण्याचं लग्न. लेक शैला करवली. मोटार चुकली तर करवलीचा करा दुसऱ्याच पोरीच्या हातात जाणार, म्हणून ती नव्या परकरात चुळबुळत होती.

"कुलूप म्हणजे कुळाला राखणारं. अस्सल संस्कृत!" शेजारच्या बद्रीनाथकाकांना ऐकवत सदाशिवरावांनी कुलूप दाबलं आणि शिरस्त्याप्रमाणे ओढून पाहिलं.

"काहीतरीच! अरबीतला कुफ्ल फारसीतून आला, अन् आपल्या तोंडात कुलूप झाला."

"अहो, किल्ली?" दमयंतीबाईंनी विचारलं.

किल्ली आत, खुंटीवर.

"बघा, संस्कृत आहे म्हणूनच कसं पक्कं लागलं!"

"मग मंतर म्हणा, उघडंल," काका म्हणाले.

कुलपात घातलेला आकडा वाकला, खिळा मोडला. काकांनी दगड उचलला.

"खबरदार! वडिलांचं कुलूप आहे."

"म्हंजे अरबीच. तुमचे वडील निजामाकडं होते."

दमयंतीबाई कडाडल्या, "शब्द अरबस्तानातून इथवर आला, अन् तुम्हाला खुंटीवरची किल्ली दारापर्यंत आणवली नाय!"

शैलाने पुढे होऊन कडी न्याहाळली. कोयंड्याचं भोक मोकळंच होतं. बोलण्याच्या नादात बाबांनी कुलूप कडीच्याच दुव्यांत अडकवलं होतं. सगळ्यांनी कुलूप ओढलं, दार कुणीच ओढलं नव्हतं. तिने कुलपासकट कडी उचलली. दार उघडलं.

ती किल्ली घेऊन आली, तोवर काकांनी नवं उकरलं होतं. "आता चावी कुठली, सांगा!"

"संस्कृतच!"

"पोर्तुगीज हाय, पोर्तुगीज!"

"आत चला, कोशच दाखवतो!"

दोघे तावातावाने आत शिरले. शैलाने आईकडे पाहिलं. आईने बोचकं उचललं.

मग शैलाने दार ओढलं, कडी चढवली, कुलूप या वेळी कोयंड्यात घातलं आणि दारच हलवून पाहिलं. शेजारच्या ओट्यावर काकांच्या वच्छलाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांच्या ओंजळीत किल्ली टाकून ती म्हणाली, "काकू, त्यांचं एकमत झालं की उघडा."

आणि परकर आवरत ती मोटारीकडे पळाली.