एका हातातला झेल

डेल्बर्ट क्वाम आणि त्याचा मेव्हणा ऑरिन या दोघांना डेल्बर्टच्या बायकोने, मार्लिसने, सकाळी सकाळीच गॅरेजमध्ये हाकललं. तिला इस्त्रीसाठी जेवणाचं टेबल हवं होतं आणि हे दोघे टेबलावर मुठी आपटून भांडत होते. नातीचा, म्हणजे छोट्या सिग्नेचा, आज बाप्तिस्मा होता. बाळाचा पांढरा झगा उशीच्या खोळीसारखा चुरगळलेला होता.

"चर्चला निघेपर्यंत एकमेकांचं काय डोकं खायचंय ते तिकडे खा," मार्लिस म्हणाली. "आणि कपडे घाण करू नका. डेल्बर्ट, बाळ तुम्हाला धरायचंय, लक्षात आहे ना?"

डेल्बर्टच्या ते चांगलं लक्षात होतं. त्यांच्या घरात बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ आजोबाने धरायचं अशी रीत होती. अडुसष्टाव्या वर्षी त्याची ही पहिलीच पाळी. गेला आठवडाभर तो पिठाची पिशवी कडेवर घेऊन घरात फिरत होता.

भांडण मात्र जुनंच होतं. डेल्बर्ट नदीच्या अलीकडचा, विस्कॉन्सिनचा, म्हणजे जन्मापासून तिथल्या फुटबॉल संघाचा, पॅकर्सचा. मार्लिस आणि ऑरिन पलीकडचे, मिनेसोटाचे, म्हणजे व्हायकिंग्जचे. मार्लिसने लग्न करून नदी ओलांडली, तेव्हा माहेरच्यांनी तिला माफ केलं. डेल्बर्टला केलं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये कडेनं सुसाट पळत जाऊन लांबून आलेला चेंडू झेलायचा, हे ज्याचं काम तो रिसीव्हर. तर आजवरचा सगळ्यात मोठा रिसीव्हर कोण, पॅकर्सचा डॉन हटसन की व्हायकिंग्जचा रँडी मॉस, यावर या दोघांनी कित्येक ईस्टर, नाताळ आणि दोन लग्नं नासवली होती.

"आठ वर्षं," डेल्बर्ट गॅरेजमध्ये येऊन पुन्हा सुरू झाला. "आठ वर्षं लीगमध्ये सगळ्यात जास्त झेल हटसनचे. सांग तुझ्या मॉसला करून दाखवायला."

"दाजी, तुम्ही हटसनला खेळताना कधी बघितलंय का?"

"माझ्या वडलांनी बघितलंय."

"म्हणजे तुम्ही नाही."

"आमच्या घरात वडलांनी बघितलं की सगळ्यांनी बघितलं."

"हटसनच्या वेळी समोर धावायला होतं कोण? दिवसभर गाई पिळून दमलेली पोरं. मॉसला दोन-दोन, तीन-तीन गडी धरायला यायचे, तरी हा त्यांच्या डोक्यावरून एका हातात चेंडू काढायचा."

"हाताने नव्हे, हातमोज्याने," डेल्बर्ट म्हणाला. "ते चिकट हातमोजे. हटसन उघड्या हातांनी झेलायचा. असलं चिकट काहीतरी हाताला लाव, मी पण एका हातात झेलून दाखवतो."

बोलून झाल्यावर त्याची नजर फळीवर गेली. तिथे स्वयंपाकघराच्या जमिनीवरचं लिनोलियम चिकटवून उरलेल्या गोंदाचा डबा होता. ऑरिनचीही नजर तिथेच गेली.

"बोललाय तर आता दाखवा," ऑरिन म्हणाला.

त्याच्या उजव्या हातात त्याचा लाडका चेंडू होता, जांभळ्या शिक्क्याचा, मॉस पहिल्या वर्षी खेळला त्या हंगामात घेतलेला. तो ऑरिन कुठेही गेला तरी गाडीत असायचा. त्यामुळे त्याने डाव्या हातानेच गोंद काढला आणि डेल्बर्टच्या उजव्या पंजावर हात घासून घासून चोपडला. पोळीला तूप लावावं तसा.

"जरा वाळू दे," डेल्बर्ट म्हणाला.

"मॉस वाळायची वाट बघायचा नाही."

डेल्बर्टने कोट काढला आणि अंगणातून पळत सुटला. ऑरिनने चेंडू फेकला, मुद्दाम उंच आणि मुद्दाम लांब, थेट शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या दिशेने. मग जे घडलं त्यावर खुद्द डेल्बर्टचाही विश्वास बसला नाही. त्याने मान वळवली, उडी मारली (निदान दोन्ही टाचा जमिनीवरून सुटल्या) आणि खांद्यावरून येणारा चेंडू एका हातात थप्पकन येऊन बसला.

डेल्बर्ट बराच वेळ हात वर करून तसाच उभा राहिला. आयुष्यात त्याने इतकं देखणं काही केलं नव्हतं.

"बघितलंस?" तो धापा टाकत म्हणाला.

"बघितलं," ऑरिन म्हणाला. "गोंदाने छान झेल घेतला."

"गोंदाने कसा? पळालं कोण? उडी कुणी मारली?"

"म्हणजे गोंदाचा काही संबंध नाही?"

"काडीचा नाही. झेल माझा आहे."

"मग मॉसच्या हातमोज्यांचाही नाही. मॉस मोठा. चला, वाद मिटला."

डेल्बर्टने मनाशी हिशोब केला. गोंदाला मान द्यावा तर आयुष्यातला एकुलता एक झेल जातो, स्वतःकडे घ्यावा तर हटसन जातो. इतक्या वर्षांत ऑरिनने त्याला असं कोंडीत पकडलं नव्हतं. रागाने त्याने चेंडू जमिनीवर आपटायला हात खाली झटकला. हात खाली आला. चेंडूही हाताबरोबर खाली आला आणि हाताबरोबरच पुन्हा वर गेला.

"सोडा की," ऑरिन म्हणाला.

"मी सोडलाय. तोच मला सोडत नाहीये."

ऑरिनने पुढे होऊन चेंडू डाव्या हाताने घट्ट पकडला आणि ओढला. डाव्या पंजाला मघाचा गोंद होता, आणि आता तो अगदी हवा तेवढा वाळला होता.

मार्लिस बोलवायला आली तेव्हा दोघे अंगणात एकाच चेंडूला धरून गोल गोल फिरत होते. तिने लोणी लावलं, तेल लावलं, गरम पाणी ओतलं. डेल्बर्टचे दोन केस आणि मनगटावरचं कातडं तेवढं निघालं. त्यांची मुलगी जोलीन बाळाला घेऊन दारात उभी होती.

"चेंडू कापा," ती म्हणाली.

"माझा हात कापा," ऑरिन म्हणाला. "चेंडूला हात लावायचा नाही."

"मामा, तुमच्यामुळे माझ्या मुलीचा—"

"वेळ नाही," मार्लिस म्हणाली. तिने बाळाचं गुलाबी दुपटं दोघांच्या हातांवर गुंडाळलं, डेल्बर्टचा कोट त्याच्या खांद्यांवर टाकला आणि दोघांना गाडीत कोंबलं. "कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही. तुम्ही दोघांनीही."

चर्चमध्ये आधी कुणाला काही कळलं नाही. मग लोकांनी पाहिलं, की डेल्बर्ट क्वाम आणि ऑरिन चक्क खांद्याला खांदा लावून, हातात हात घालून आत येताहेत. नदीच्या दोन्ही काठांवर या दोघांचं भांडण ठाऊक नाही असं घर नव्हतं. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या मिसेस ब्रेकेंनी रुमाल काढला. नव्यानेच आलेल्या पास्टर विंटर्सना तर इतकं भरून आलं, की त्यांनी तयार करून आणलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि समेटावर बोलायला सुरुवात केली.

"आपल्यातले दोन भाऊ," ते म्हणाले, "आज आपल्याला शिकवताहेत."

"दाजी, हसू नका," ऑरिन ओठ न हलवता म्हणाला.

"हसत नाहीये. बोट तुटतंय माझं."

बाळाला धरायची वेळ आली. डेल्बर्टचा डावा हात मोकळा होता, ऑरिनचा उजवा. आठवडाभराची पिठाच्या पिशवीची तालीम एका हाताला काही उपयोगाची नव्हती. शेवटी सिग्नेला दोघांनी मिळून झेललं, एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून. मार्लिस मागे हात पसरून, विकेटकीपरसारखी वाकून उभी राहिली. मागच्या बाकांवर हुंदके ऐकू येऊ लागले.

पास्टरनी बाळाच्या कपाळावर पाणी सोडलं. सिग्ने दचकली, तिने समोर लोंबणारं दुपटं मुठीत धरलं आणि हिसका दिला. दुपटं खाली पडलं.

दोन हातांच्या मधे चेंडू होता.

"हे काय आहे?" पास्टरनी हळूच विचारलं. माइक त्यांच्या कॉलरला लावलेला होता, त्यामुळे हळूच विचारलेलं शेवटच्या बाकापर्यंत पोचलं.

"चिकटलाय," डेल्बर्ट म्हणाला. "वाद होता."

"कसला?"

"सगळ्यात मोठा रिसीव्हर कोण, त्याचा. हटसन की मॉस."

पास्टरच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू पसरलं. इतका साधा प्रश्न आजवर त्यांच्यापुढे कुणी आणला नसावा. "अहो, मग यात वाद कसला?" ते म्हणाले. "जेरी राइस."

राइस ना पॅकर्सचा, ना व्हायकिंग्जचा; तो तिसऱ्याच संघाचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. डाव्या बाकांवर पॅकर्सवाले होते, उजव्या बाकांवर व्हायकिंग्जवाले. दोन्हीकडचे डोळे पास्टरवर खिळले. मिसेस ब्रेकेंनी रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"चेंडू झेलून त्याच्याइतके यार्ड अंतर कुणीच काढलेलं नाही," पास्टर चाचरत म्हणाले. "मी... मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ वाढलोय." त्याने प्रकरण आणखीच बिघडलं.

बाप्तिस्मा कसाबसा उरकला. तळघरात कॉफी आणि हॅम सँडविच मांडले होते. पास्टर विंटर्स लाल जेलीची बशी घेऊन एका टेबलावर बसले, आणि त्या टेबलावर दुसरं कुणीच बसेना. मग डेल्बर्ट आणि ऑरिन चेंडूसकट त्यांच्यापाशी आले. एकाने त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढली, दुसऱ्याने उजव्या. मधे चेंडू टेबलावर आला, त्यामुळे जेलीची बशी मागे सरली.

तेवढ्यात मार्लिस औषधाच्या दुकानातून बाटली घेऊन आली. याने मिनिटात सुटतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तिने कापूस भिजवला.

"हात इकडे करा दोघांनी."

"जेरी राइसच्या वेळी," डेल्बर्ट पास्टरना सांगत होता, "नियमच असे होते की झेलणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. हटसनच्या वेळी..."

"डेल्बर्ट. हात."

ऑरिनने मान वर न करता मोकळ्या हाताने बहिणीला थांबवलं.

"ताई, दोन मिनिटं थांब ना," तो म्हणाला. "दाजींचा हटसनचा मुद्दा पुरा होऊ दे."